सौ. मृदुलासाठी एक खोकं

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं असं नाही. स्कूटरचा एक नट सैल झाला तर पुढच्या गल्लीतून ओळखतात. कंपनीत चालत्या पंपाला कान लावून बेअरिंग गेलंय की शाफ्ट वाकलाय ते सांगतात, आणि सगळं डिपार्टमेंट माना डोलावतं. फक्त मी गिटार घेऊन बसले की त्यांच्या कानांची शिफ्ट संपते.

गिटार माझी माहेरची, हवाइयन. मांडीवर आडवी ठेवायची, एका हाताने तारा छेडायच्या आणि दुसऱ्या हाताने त्यांवरून पोलादी कांडी फिरवायची. पुण्यात सहा वर्षं शिकले. लग्नाला पाच वर्षं झाली होती, निगडीला प्राधिकरणात घर होऊन दोन. एवढ्या काळात ह्यांनी, म्हणजे अनंतरावांनी, माझी एकही धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली नव्हती. दोन ओळी झाल्या की उठायचे. कधी पंखा कुरकुरतोय, कधी दाराची बिजागरी वाजतेय. एकदा, फक्त एकदा, ह्या माणसाने रिकाम्या हातांनी समोर बसून सबंध ऐकावं, एवढंच मला हवं होतं. बाकी संसारात काही कमी नव्हतं, असं माझी आईसुद्धा म्हणायची.

अठ्ठ्याहत्तर साली कंपनीने कुटुंबीयांचं स्नेहसंमेलन ठरवलं आणि ‘अधिकाऱ्यांच्या मिसेस’ या सदरात माझं नाव लागलं. दहा मिनिटं. मी यमनातली एक धून निवडली आणि मनाशी म्हटलं, आता कुठे जाल? चारशे माणसांच्या मांडवात बिजागरीला तेल घालायला थोडंच उठता येणार आहे!

इथेच माझं चुकलं. इंजिनिअर माणूस कुठूनही उठू शकतो.

नाव लागलं त्याच संध्याकाळी मी सरावाला बसले. ह्यांनी नेमाप्रमाणे दोन ओळी ऐकल्या आणि निदान केलं, “आवाज कमी पडतोय.”

माझ्या गिटारला तारांचा आवाज उचलणारा पिकअप होता. त्याची वायर आमच्या जुन्या रेडिओत खुपसली की रेडिओतून आवाज यायचा. खोलीला पुरून उरायचा. पण हे म्हणाले, “रेडिओचा स्पीकर केवढा, बशीएवढा. मांडवात कसा पुरणार? आपण मोठा स्पीकर आणू, त्याला लाकडी कॅबिनेट करू. घरच्या घरी. साठ रुपयांत.”

रविवारी ह्यांच्या कंपनीतले टूलरूमचे सुरेंद्रभावजी आणि पर्चेसचे श्यामभावजी येऊन दाखल झाले आणि बारभाईंचा कारभार सुरू झाला. पहिले तीन रविवार खिळासुद्धा ठोकला गेला नाही, कारण ड्रॉइंग चाललं होतं. चार शीट. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यात चौकट: आरेखन अनंत, तपासणी सुरेंद्र, मंजुरी श्याम, ग्राहक सौ. मृदुला. खोक्याच्या फळीला अर्ध्या मिलिमीटरचा टॉलरन्स, म्हणजे चूक तेवढीच माफ! ग्राहकाला एवढंच विचारण्यात आलं, की आज पोह्यांत शेंगदाणे का नाहीत.

काटकसर मात्र वाखाणण्यासारखी. स्पीकर जुन्या बाजारातला, बारा इंची. त्याच्या कागदाला एक चीर होती, ती पतंगाचा कागद आणि खळ लावून बुजवली. फळ्या मशिनच्या पॅकिंगच्या, भंगाराच्या लिलावातल्या. एका फळीवर ‘ही बाजू वर’ असा बाण छापलेला होता, ती सुरेंद्रभावजींनी नेमकी उलटी लावली. आत आवाज घुमू नये म्हणून कापूस भरायचा होता, तो पाहुण्यांच्या गादीतून निघाला. पाहुणे म्हणजे माझेच आईवडील, तेव्हा अडचण नव्हती. शेवटी समोर लावायला झिरझिरीत कापड हवं होतं.

“ही साडी तू फारशी नेसत नाहीस ना गं?” ह्यांनी विचारलं. एका हातात कात्री होती आणि दुसऱ्या हातात साडीचा अर्धा भाग.

असं ते साठ रुपयांत बसलं. पोहे, गादी आणि अबोली रंगाची व्हॉइलची साडी हे सगळं घरचंच, त्यामुळे फुकट.

मग ट्रायल. रेडिओ जोडून तिघांनी त्या खोक्यातून बातम्या ऐकल्या, क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली. शेतकी कार्यक्रमात कोणी तरी युरियाची माहिती सांगत होतं, ती तिघांनी डोळे मिटून ऐकली आणि श्यामभावजी म्हणाले, “काय खर्ज आहे राव!” युरिया सबंध ऐकला, बरं का. मधे कोणी उठलं नाही. माझी गिटार त्यांनी एकदाच मागितली, प्लगची जाडी मोजायला.

“मी वाजवून बघू का?” मी विचारलं.

“थांब गं, आधी टेस्टिंग होऊ दे,” हे म्हणाले.

तयार झालं तेव्हा ते खोकं माझ्या कमरेच्याही वर आलं. नाकापेक्षा मोती जड. पण खोटं कशाला बोलू, देखणं होतं. बाजूंना काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. ह्यांनी त्यावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाले, “तुझ्यासाठी.” मला इतकं भरून आलं की मी साडीसुद्धा विसरले. माणूस वाईट नव्हता हो, हीच तर पंचाईत होती.

संमेलन चिंचवडला, एका शाळेच्या पटांगणात. खोकं टेंपोतून आलं. धक्के बसू नयेत म्हणून हे मागे त्याला मिठी मारून बसले होते. मी गिटार घेऊन बसने आले.

मुलांचा नाच झाला आणि माझं नाव पुकारलं. मी स्टेजवरच्या बैठकीवर जाऊन बसले, गिटार मांडीवर घेतली. “तत्पूर्वी,” निवेदक म्हणाले, “श्री. अनंतराव या कॅबिनेटबद्दल दोन शब्द सांगतील.”

ते दोन शब्द सहा मिनिटं चालले. लाकूड, कापूस, हवेचा दाब आणि साठ रुपये. टाळ्या पडल्या. मी शोभेच्या बाहुलीसारखी बसून हसत होते. माझी चार मिनिटं उरली होती.

वायर रेडिओत खुपसली, रेडिओ खोक्याला जोडला, कांडी ठेवली, तार छेडली. खोकं गप्प. पुन्हा छेडली. शेतकी कार्यक्रमाला खर्ज लावणारं ते खोकं आता घुम्यासारखं बसून राहिलं.

तिघेही धावले. मागची फळी अठरा स्क्रूंची, कारण ती हवाबंद पाहिजे होती. श्यामभावजींनी बॅटरी धरली, सुरेंद्रभावजींनी स्क्रू काढले, आणि ह्यांनी खांद्यापर्यंत आत मुसंडी मारली. आतून “सोल्डर निघालंय” असं ऐकू आलं, बाहेरून “नाही, आधी ट्रान्सफॉर्मर बघ” असं उत्तर गेलं. तिघांच्याही पाठी माझ्याकडे. लोक खाकरायला लागले. निवेदक घड्याळाकडे बोट दाखवायला लागले, कारण पुढे संगीत खुर्ची होती. इतक्या महिन्यांचा सराव, आणि वाजवायच्या आतच मला उठवणार होते.

लाउडस्पीकरवाले बबनराव स्टेजच्या कडेला तंबाखू मळत हे सगळं पाहत होते. ते उठून माझ्याजवळ आले.

“ताई, ह्ये गिटार आतनं पोकळ हाय न्हवं?”

“हो.”

“मंग पेटी कशाला पायजे? माईक म्होरं धरतो की. चार भोंगे हायेत आपले. वाजवा बिनघोर.”

त्यांनी माईक खाली वाकवून गिटारच्या तोंडाशी आणला. मी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

भोंग्यातून यमन जरा नाकातच येतो. पण सूर सुटला. तीव्र मध्यमावरून कांडी पंचमावर घसरली तेव्हा पुढच्या रांगेतल्या पोरांचं चिवडा खाणं थांबलं. हळूहळू सगळा मांडवच शांत झाला. मी चारही मिनिटं घेतली, कदाचित पाचवंही. शेवटचा षड्ज विरला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मागे कॅन्टीनची माणसंसुद्धा हातातल्या पराती खाली ठेवून टाळ्या वाजवताना दिसली. मी इतकी खूश झाले की नमस्कार करायचंही विसरले आणि तशीच वळून ह्यांच्याकडे पाहिलं.

पाठ.

बबनराव माईक घेऊन गेले. स्टेजखाली संगीत खुर्चीसाठी खुर्च्या गोल मांडायला लागले. तेवढ्यात खोक्यातून डोकं बाहेर आलं. केसांत कापूस, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद.

“सापडलं! टर्मिनलची तार सुटली होती.” खोक्याने ऐटीत घुर्र केलं. “हं मृदुला, आता वाजव.”

“वाजवून झालं,” मी म्हटलं.

“कधी?”

सुरेंद्रभावजींनी श्यामभावजींकडे पाहिलं. श्यामभावजींनी बॅटरी विझवली.

“आत्ता. बबनरावांच्या माईकवर. सबंध धून.”

“अगं, त्या माईकवर काय कपाळ ऐकू जाणार! कोणापर्यंत पोचलं तरी का?”

“शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. कॅन्टीनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“शेवटच्या रांगेपर्यंत?” हे म्हणाले. “मग मी तर इथेच...”

त्यांच्या गुडघ्यांपासून माझी बैठक दोन हातांवर होती. ते अंतर त्यांनी नजरेने मोजलं, सवयच ती. मग हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“परत वाजवशील?” त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की दुसऱ्या कोणाला ऐकूही गेलं नसतं.

मला क्षणभर वाटलं, वाजवावं. पाच वर्षं मी हेच तर मागत होते. पण जे होतं ते सगळं मी मघाशी देऊन बसले होते, आणि ते चारशे परक्या माणसांनी घेतलं होतं.

“नाही,” मी म्हटलं, आणि गिटार खोळीत घातली.