ज्या वाटेनं घोडं वळलं

मेंढपाळांच्या बिऱ्हाडात वाट ठरवायची ती बाईनं. घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या लादून ती पुढं निघते, मेंढरं घेऊन नवरा मागून येतो, आणि घोडं वळेल तिकडं सगळा संसार वळतो. दोन हजार बाराच्या दुष्काळात बानाबाईनं पडेगावच्या पुढच्या फाट्यावर घोडं फुलंब्रीकडं वळवलं. तिकडं विहिरी कोरड्या ठाक. आठ दिवसांत निम्मा कळप गेला. सोनाजी, तिचा नवरा, मरेपर्यंत त्यावर चकार शब्द बोलला नाही, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं होतं. फाट्याच्या दुसऱ्या वाटेनं, देवगाव रंगारीकडं वळले असते तर? या एका विचारानं तिनं दहा वर्षं स्वतःला बोल लावला.

आता पडेगावच्या चराईच्या रानात प्लॉट पडून इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिथल्याच भाड्याच्या खोलीत नात प्रांजलीनं तिच्या हाती मोबाइल दिला. कॉलेजसाठी तिनं गोष्ट केली होती. वाचायची नव्हे, ऐकायची, आणि पुढं काय व्हायचं ते ऐकणाऱ्यानंच ठरवायचं. त्यासाठी पोरगी चार महिने गावोगाव फिरून म्हाताऱ्यांचे आवाज भरून आणत होती. गोष्ट म्हणजे काय कालवण आहे, ज्यानं त्यानं मीठ घालायला, असं म्हणून बानाबाई हसली.

पण मोबाइलात घंटा वाजली, मेंढरं चालू लागली, आणि फाट्यावर गोष्ट थांबली. पडद्यावर दोन वाटा, मधे लादलेलं घोडं.

"ही बोलत का नाय?"

"तुझी वाट बघतीय, आज्जी. घोडं तूच वळव."

बानाबाईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. जन्मभर तिनं गोष्टी ऐकल्या होत्या, पण आपल्यासाठी खोळंबलेली गोष्ट कधी पाहिली नव्हती. बोटानं तिनं घोडं देवगाव रंगारीच्या वाटेला ओढलं.

कळप पोचला तसा एक खरखरीत आवाज आला. तो देवगावच्या पुंजारामचा. त्या साली गावच्या विहिरीवर पाण्याच्या पाळ्या तोच लावायचा.

"हिरीत निस्ता चिखल व्हता. मेंढरंवाले आले, आमी हात जोडून माघारी लावले. लई जनावर रस्त्यातच पडलं."

बानाबाईनं नातीकडं रोखून पाहिलं. "माझं मन राखाया बोलाया लावलं का त्याला?"

प्रांजलीनं नाही म्हटलं. पुंजारामचा आवाज तिनं सगळ्यात आधी भरला होता. आजीनं फाट्याची हकिकत सांगितली ती त्यानंतर महिन्यानं. नुसतं सांगितलं असतं तर आजीनं ते उडवून लावलं असतं, हेही तिला ठाऊक होतं.

बानाबाई पोटभर रडली. मग पदरानं मोबाइल पुसून तिनं तो पुढं केला.

"मला परत फाट्यावर ने."

गोष्ट पुन्हा तिच्यासाठी थांबली. या खेपेला तिनं देवगावच्या वाटेकडं पाहिलंही नाही. बानाबाईनं घोडं फुलंब्रीकडंच वळवलं.