गवतावरची पावलं

पाणी एक दिवसाआड यायचं, तरी मास्तरांनी घरामागची हिरवळ जगवली होती. उगाच सांडलेला थेंबही त्यांना खपायचा नाही. संध्याकाळी ते अनवाणी गवतावर चालायचे आणि मागे वळून बघायचे. गवत लगेच उठलं तर त्याला तहान नाही. पाऊल उमटून राहिलं तर पाणी द्यायचं.

"माझ्याकडे कधी असं वळून बघितलंत का?" बायको टोमणा मारायची.

त्या संध्याकाळी पावलं उमटून राहिली. "सकाळी पाणी घालतो," म्हणाले, जेवले आणि झोपले ते उठलेच नाहीत.

भेटायला येणारे पुढच्या दारानेच परत जात. ती मागच्या दारात बसून राही. समोर पावलं तशीच होती, उजवं जरा बाहेर वळलेलं.

"आई, लॉन करपायला लागलंय. पाणी घालू?" मुलाने विचारलं.

"राहू दे."

"अगं, बाबांनी एवढं जिवापाड जपलेलं..."

"राहू दे म्हटलं ना एकदा!" ती खेकसली. कारण सांगायला तिची जीभ रेटेना.

आई पार खचलीये, असं मुलाला वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून त्याने पाइप लावला. ती मागच्या दारात आली तोवर गवत ताठ उभं होतं.

"सगळीकडे घातलंस?"

"कोपरान् कोपरा भिजवला," तो हसून म्हणाला.

"बरं केलंस."

ती चपला काढून गवतावर उतरली, थोडं चालली आणि मागे वळून पाहिलं. काहीच उमटलं नव्हतं.