प्रमिलाबाईचा गहू

धुडकूआप्पांना पोचवून आले त्या सांजेला समोरची प्रमिलाबाई कडू घास घेऊन आली. माणूस गेलेल्या घरात चूल पेटवायची नाही आणि शेजाऱ्याचा घास नको म्हणायचा नाही, ही खान्देशची रीत सुरतेच्या नवागामातही कुणी सोडली नव्हती. ताटात पिठलं होतं, ज्वारीच्या भाकरी होत्या.

"खाई ले माय," ती म्हणाली. "रडालेबी बळ लागस."

आप्पांची लेक सुषमा भाकरीकडेच बघत राहिली. प्रमिलाबाईकडं गरिबीचं कार्ड होतं, आणि त्या कार्डावर स्वस्तात गहू मिळायचा. ज्वारी नाही.

"मावशी, ज्वारी कुठली हो?"

"वाण्याची. गहू देस, जवारी लेस. आम्हना लोटूशेटले पोळी म्हंजे वारा खाल्ल्यासारखं वाटस."

"सरकारचा गहू वाण्याला?"

"मंग काय सरकारले वापस धाडू?" ती ताट ठेवून गेली.

"घास खाताना झडती घेऊ नये बाई," आई, वत्सलाबाई, भिंतीला टेकून म्हणाली.

सुषमानं घास घेतला, पण मनातली झडती थांबेना. आप्पा पलसाण्याच्या रंगकामाच्या गिरणीत हिशेब लिहिणारे मेहताजी. प्रमिलाबाईचा नवरा लोटू तिथंच रंगाच्या हौदावर, रोजावर. आप्पा पगारदार म्हणून कार्ड नाही, औषधाला सवलत नाही. खोकला वाढला तेव्हा गोळ्यासुद्धा अर्ध्या करून घेतल्या त्यांनी. "तेजीत लोटूला माझ्याहून जास्त पडतं," ते म्हणायचे. "मंदीत तोच आपल्या दारात पीठ मागतो. कोण वर नि कोण खाली, ते महिना विचारून सांगावं लागतं." ते हसायचे. सुषमाला कधी हसू आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी कार्डांच्या तपासणीचा साहेब गल्लीत आला. सुतकाचं दार उघडंच होतं.

"बेन, पढेली छो ने? साचू बोलो," तो म्हणाला. "शिकलेल्या आहात, खरं सांगा. समोरचे लोक रेशनचा गहू खातात, की बाहेर देतात? दिला असेल तर कार्ड रद्द."

समोर प्रमिलाबाई भांडी घासत होती. तिचा हात थांबला. इतक्या लांबून तिला ऐकू जाणार नव्हतं, पण साहेबाचं बोट कुणाकडं वळतंय ते दिसत होतं.

सुषमाच्या जिभेवर खरं आलं होतं. अर्ध्या गोळ्या आठवल्या. तेवढ्यात साहेब आवाज उतरवून म्हणाला, "तुमचे वडील गेले म्हणे. आता पगार नाही. तुम्हीही कार्डासाठी अर्ज करा. फक्त शेजाऱ्याची साक्ष लागते."

"खातात," सुषमा म्हणाली. "गहूच खातात."

साहेब पुढच्या घरी गेला. हात पदराला पुसत प्रमिलाबाई आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"काय सांगितलं त्याले?"

"गहू खाता म्हणून."

प्रमिलाबाईनं तिला न्याहाळलं. बाजारात खोडीची म्हैस पारखतात तसं, सावकाश. मग आत बसलेल्या वत्सलाबाईकडं पाह्यलं. आवाज मऊ होता, डोळे नव्हते.

"बरं झालं माय. आता सांग, बदल्यात काय पाहिजे तुले?"

काही नको, असं म्हणायला सुषमानं तोंड उघडलं, पण अर्जाला लागणारी साक्ष आठवली, आणि तिला ते म्हणता येईना.