बुडबुडे थांबेपर्यंत

पहाटेचा पाव भट्टीतून निघाला आणि भट्टीवालीच्या सुनेला आकडी आली. सात दिवसांतली अकरावी. पडताना पोरीचा दंड भट्टीच्या दाराला चरचरला. भट्टीवालीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मुलाला म्हणाली, "आज रविवार. आज सुटेल बिचारी एकदाची."

सुनेच्या गोळ्या तिने स्वतःच कुलपात ठेवल्या होत्या. चर्चमागच्या पवित्र विहिरीचा नियमच तसा होता. आधी सात दिवस औषध बंद. मग घरातल्या थोरल्या बाईने आपल्या हातांनी सुनेला किंवा लेकीला पाण्याखाली धरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. बुडबुडे म्हणजे बाहेर पडणारी पीडा, असं शहाणीसुरती माणसं सांगत.

विहिरीवर रांग होती. चर्चची घंटा वाजवणारा तिथेच उभा होता. तो हसला, "पोतंभर पीठ मळणारे हात! आज पीडेची खैर नाही."

शेवटच्या पायरीवर सून कळवळली, "आई, नको ना. मला पोहता येत नाही."

"अगं, पोहायचंय कुणाला?" भट्टीवाली लाडाने म्हणाली, आणि तिने तिचं डोकं खाली दाबलं.

सून पाय झाडू लागली. नवऱ्याने कंबर धरली, घंटावाल्याने मान. तोंड दगडावर आपटलं, पाणी लाल झालं. तिची नखं सासूच्या मनगटात रुतली.

"सोडू नका! चिडलीये पीडा!" घंटावाला ओरडला.

मग झटके बदलले. हे झटके भट्टीवालीच्या हातांच्या ओळखीचे होते. आठवडाभर तिने ते मांडीवर झेलले होते. गोळ्या चालू असताना महिन्याकाठी एखादी यायची आकडी. गोळ्या बंद कुणी केल्या? पाण्याखाली आकडी आली होती, तोंड उघडं होतं आणि डोक्यावर हात होते भट्टीवालीचे स्वतःचेच.

तिने सुनेला वर ओढलं. घंटावाला दाबतच होता. ती त्याच्या हाताला कडकडून चावली, हाड लागेपर्यंत. "आई, वेड लागलं का?" म्हणत मुलाने तिच्या कानाखाली वाजवली, तिने त्याच्या छातीत लाथ घातली. सुनेचे ओठ निळे पडले होते. पालथी घालून पाठीवर बुक्क्या मारल्या, तेव्हा पाणी, रक्त आणि एक दात बाहेर आला. मागोमाग श्वास.

"झालं का तुमचं?" रांगेतून कुणीतरी विचारलं. "आमचा नंबर आहे."

संध्याकाळी सासूने गोळी आणि पाणी पुढे केलं. सून पेल्याकडे बघत राहिली.

"आई, तुम्ही सोडलंत, की मी सुटले?"

सोपं उत्तर जिभेवर होतं. भट्टीवालीने ते दिलं नाही.

"मी धरलं होतं," ती म्हणाली. "खूप वेळ."

पुढच्या रविवारी भट्टी बंद राहिली. भट्टीवाली विहिरीच्या वाटेत आडवी बसली. रांगेत सगळ्यात पुढे एक आई होती, आठ वर्षांच्या लेकीला घट्ट धरून.

"ऐक बाई. मी इथे माझ्या सुनेला मारत होते. बुडबुडे थांबतात ना, तेव्हा पीडा जात नाही, श्वास जातो."

रांगेच्या मागून दगड आला. कपाळ फुटलं. भट्टीवालीने डोळ्यांत आलेलं रक्त पदराने पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.