पिवळ्या धोब्याची नोंद

सोमाने धोबी पक्ष्याचे पाय आधी मोकळे केले, मग पंख, मग मान. पाखरू ज्या वाटेने जाळ्यात शिरतं त्याच वाटेने उलटं बाहेर काढायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. बापाच्या मासळीच्या जाळ्यात पाणकोंबड्या अडकायच्या, तेव्हापासून त्याची बोटंच ते शिकली होती. धोबी सुती पिशवीत घालून त्याने नाडी आवळली आणि तो बेटाच्या माथ्याकडे निघाला.

बेट कसलं, धरणात बुडालेल्या टेकडीची वर राहिलेली टाळू. दिंडोरीच्या पलीकडे द्राक्षबागा संपून डोंगर लागतात तिथलं हे धरण. बेटावर जायला होडीने अर्धा तास. मार्चअखेर पाणी उतरलं की काठाचा चिखल उघडा पडतो आणि हिवाळा काढायला आलेले धोबी उत्तरेला परतण्याआधी तिथे किडे खाऊन अंगावर चरबी चढवतात. बावीस वर्षं सोमा आणि रंगनाथ सर याच दिवसांत इथे जाळी लावत आले होते. सोमा पाखरू धरायचा, सर त्याच्या पायात नंबराचा वाळा घालायचे, वहीत लिहायचे आणि सोडून द्यायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांना दुसरा नादच राहिला नव्हता. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, तरी या वर्षी शेवटचं म्हणून हट्टाने आले होते. होडीतून उतरताना सोमाच्या खांद्यावर सगळा भार टाकला, वर त्यालाच म्हणाले, "नीट चाल, पडशील."

करंजाच्या सावलीत सरांनी धोब्याला वाळा घातला. स्नेहाने नंबर लिहून घेतला आणि धोबी चिखलाकडे निघून गेला. स्नेहा संशोधन करणारी मुलगी. सरांच्या सगळ्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. त्यातलीच एक वही तिने पुढे ओढली.

"सर, एका ठिकाणी अडलंय. कझाकस्तानचा धोबी."

सोमा रिकामी पिशवी उलटी करून झटकत होता. त्याचा हात थांबला.

तेरा वर्षांपूर्वी इथे धोब्याच्या पायात घातलेला एक वाळा दोन वर्षांनी कझाकस्तानातल्या एका तळ्याकाठी सापडला होता. तसं पत्र आलं, त्यात वाळ्याचा नंबर होता. पेपरात चार ओळी छापून आल्या. ग्रामपंचायतीने सरांबरोबर सोमालाही शाल-नारळ दिला, कारण नोंदीच्या दिवशी सर तापाने आडवे होते आणि तो वाळा सोमानेच घातला, असं सगळ्यांना माहीत होतं. गावातली पोरं त्याला फॉरेनवाला सोमा म्हणायला लागली. एवढी वर्षं चिखल तुडवून मिळालेलं तेवढंच कौतुक.

"वहीत पिवळा धोबी लिहिलाय," स्नेहा म्हणाली. "पत्रावरच्या पत्त्यावरून मी ते पाठवणाऱ्या माणसाला शोधलं. त्याने काल तेव्हाचा फोटो पाठवला. हा बघा, पांढरा धोबी आहे. नंबरही स्पष्ट दिसतोय."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांजवळ धरला.

"म्हणजे नोंद करणाऱ्याची चूक, असा शेरा टाकावा लागेल," ती चाचरत म्हणाली. "पक्षी ओळखण्यातली."

"टाक," सर म्हणाले. "माझी चूक."

पाण्यावरून नुसता आवाज आला तरी सर पाखराचं नाव सांगायचे. अशा माणसाला पिवळा नि पांढरा कळला नाही, असं आता कायमचं लिहिलं जाणार होतं. आणि खरं काय ते फक्त सोमाला ठाऊक होतं. गप्प बसला असता तर त्याचं कौतुक तसंच राहिलं असतं. सरांचं नाव मात्र गेलं असतं.

"सरांची चूक नाय," तो म्हणाला. "मी वाळा घातलाच नव्हता."

स्नेहाने मान वर केली. सर फोनकडेच बघत राहिले.

"तुम्ही तापानं पडले व्हते, सर. मला म्हनले, सोमा, एवढा तूच घाल. धोबी पिवळाच व्हता. पक्कड दाबाया गेलो आन् वाळा सटकला. होडीत टणकन वाजला, मंग दिसलाच नाय. धोबी बी उडाला. एकेका वाळ्याचा जाब द्यावा लागतो, तुम्हीच सांगायचे. लय भ्यालो. म्हून बोललो, घातला."

"मग तो कझाकस्तानात कसा गेला?" स्नेहाने विचारलं.

"त्येच तर मला तेरा वरसं कळंना, ताई."

त्याने हे फक्त बायकोला सांगितलं होतं. सावित्रीने देवीला नारळ फोडला आणि बजावलं, देवीनं झाकलंय ते तू उघडू नको. त्याचं उत्तर ऐकून स्नेहाला हसू फुटत होतं, पण सरांचा चेहरा बघून तिने ते गिळलं.

"दुसऱ्या दिवशी पहाटे ताप उतरल्यावर होडीतलं पाणी उपसत होतो," सर हळूच म्हणाले. "फळीच्या फटीत मिळाला."

"आन् मला बोलले नाय?"

"बोललो असतो तर तू परत आला असतास?"

वाळा हरवला त्याच्या आदल्याच वर्षी पिशवीत एक पाखरू गुदमरून मेलं, तर सोमा लाजेने महिनाभर द्राक्षांच्या छाटणीला निघून गेला होता. त्या महिन्यात सरांना एकही पाखरू धड सोडवता आलं नव्हतं.

"वहीत वाळा घातल्याची नोंद झाली होती. मग तू लांबच्या जाळ्यांकडून यायच्या आत जवळच्या जाळ्यात पहिला धोबी सापडला, तो कसाबसा सोडवून त्याच्या पायात घालून टाकला. तो पांढरा निघाला. तेव्हाच पान खोडायला हवं होतं. उद्या करू, उद्या करू म्हटलं." सरांनी फोन खाली ठेवला. "मग पत्र आलं. तुझ्या अंगावर ती शाल बघितली, आणि माझ्याच्याने झालं नाही."

सोमाला आधी राग आला. तेरा वर्षं एकाच होडीत समोरासमोर बसून दोघं एकच गोष्ट लपवत होते! सुकट-भाकरीची निम्मी निम्मी वाटणी करत होते, तीन दगडांवर आल्याचा चहा उकळत होते, संध्याकाळी धोब्यांचा थवा उठला की बोलणं अर्ध्यावर सोडून वर बघत होते. किती दिवस असे गेले. ते दिवस आठवले आणि राग कुठल्या कुठे गेला. पुढच्या वर्षी सर येणार नव्हते, आणि सरांवाचून हे बेट कसं वाटेल ते त्याला माहीत नव्हतं.

"आता काय लिहू?" स्नेहाने विचारलं.

सरांनी तिच्याकडून पेन घेतलं. 'पिवळा' या शब्दावर आडवी रेघ मारली, शेजारी 'पांढरा' लिहिलं, आणि खाली घडलं ते सगळं चार ओळींत लिहून काढलं. कुणाचाही दोष कमी-जास्त केला नाही. सही केली आणि वही सोमापुढे सरकवली.

"तूही कर."

"मी? वहीत?"

अकरा वह्या भरल्या होत्या. त्यातलं बहुतेक पाखरू सोमाच्या हातातून गेलेलं. पण पकडणाऱ्याच्या नावाचा रकानाच त्यात नव्हता.

"करा, काका," स्नेहा म्हणाली. "ही दुरुस्ती मला त्या माणसालाही कळवायचीय."

सोमाने बोटं शर्टाला पुसली. 'सोमा' एवढं लिहून तो थांबला.

"बापाचं नाव बी घालू?"

"घाल," सर म्हणाले. "आणि आडनावही. चूक कुणी केली ते तिकडे नीट कळू दे."

सोमा वहीवर वाकला. सोमा लहानू भोये, त्याने लिहिलं. मग कुणालाच न विचारता पुढे गावाचं नाव, तालुका आणि जिल्हा.