खालच्या थरातले ओंडके

तिने लाकडाची चकती सूक्ष्मदर्शकाखालून काढली, टेबलावर पालथी घातली आणि तशीच बसून राहिली. वर्तुळं स्वच्छ होती, मापं चोख होती. पण हे झाड हव्या त्या काळातलं नव्हतंच, काही शतकं अलीकडचं होतं.

जुन्या वस्तूचं वय तिच्यातल्या कार्बनवरून काढतात, पण तो अंदाज झाडांच्या वर्तुळांशी ताडून पाहावा लागतो. वर्षाला एक वर्तुळ, तिथे लबाडी नाही. उत्तर गोलार्धातल्या झाडांची अशी सलग साखळी केव्हाच तयार झाली होती. ती राहायची त्या दक्षिण गोलार्धाला मात्र ही साखळी लागू पडत नसे. इकडे समुद्र जास्त, त्यामुळे हवेतला कार्बन थोडा निराळा. तिकडच्या मापाने इकडचं लाकूड उगाच म्हातारं ठरायचं. म्हणून तिने उभी हयात दक्षिणेची साखळी जोडण्यात घालवली होती. मधल्या काही शतकांची तेवढी एक फट राहिली होती. ती आता बुजली नाही, तर प्रयोगशाळा हे काम गुंडाळणार होती.

चकती दादाने, तिच्या थोरल्या भावाने पाठवली होती. दलदलीकाठी त्याची लाकडाची वखार. चिखलात हजारो वर्षं गाडले गेलेले ओंडके तो उपसून काढायचा. आता दलदल भर घालून बुजवली होती आणि दम्याने दादालाही पुरतं बसवलं होतं.

फोन वाजला.

“ठमे, जुळलं का गं?”

दोन शब्दांमध्ये त्याला श्वास घ्यावा लागत होता. तिने पालथ्या चकतीवर हात ठेवला.

“जुळलं, दादा.”

पलीकडे तो आधी खोकला. मग हसला. “म्हणजे आपली वखार अगदीच वाया गेली नाही म्हणायची.”

रविवारी ती त्याला भेटायला गेली. आरायंत्रावर ताडपत्री टाकलेली होती. दादा तिला भिंतीच्या आधाराने चालत मागच्या पडवीत घेऊन गेला. पडवी रिकामी होती. जमिनीवर दोन लांबच लांब ओलसर खळगे तेवढे उरले होते.

“इथे आणखी दोन होते. त्याच खड्ड्यातले, पण खालच्या थरातले. पहिला नाही जुळला तर हाताशी असावेत म्हणून झाकून ठेवले होते. कुणाला बोट लावू दिलं नाही. तुला बोललो नाही, म्हटलं उगाच आस कशाला लावा.”

“मग?”

“तू म्हणालीस जुळलं. मग कशाला अडवून ठेवायचे? वीटभट्टीवाल्याला देऊन टाकले.”

“कधी?”

“लगेच, त्याच दिवशी. जळलेसुद्धा. ओलं लाकूड, नुसता धूर झाला म्हणत होता.”

तिने पडवीच्या खांबाला हात टेकला. दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या छातीतली घरघर तिला ऐकू येत होती.

“का गं? कामाचे होते का?”

“छे,” ती म्हणाली. “तू पाठवलास तोच हवा होता.”

“मला वाटलंच होतं.” त्याचे खांदे सैल झाले. कोपऱ्यातली खुर्ची ओढत त्याने त्या मोकळ्या जागेत आणली, बाहीने पुसली. “बस. इथे आता ऊन छान येतं.”

ती बसली.