नववी पायरी

आठव्या पायरीवर सुतारकाका थांबले, कठडा घट्ट धरला आणि नववी ओलांडून थेट दहावीवर पाय टाकला. सत्तरीच्या गुडघ्यांना हे मुळीच आवडलं नाही. काकांनी ओठ आवळले, चेहरा जमेल तेवढा साळसूद केला आणि मागे वळून पाहिलं.

मागून तपासनीस बाई येत होत्या. जुन्या इमारतींची पाहणी करणाऱ्या समितीने त्यांना पाठवलं होतं. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, हातात टॉर्च, काखेत शाळेच्या अर्जाची फाईल. त्यांनी काही नववी ओलांडली नाही. कठड्याला धरून त्यांनी तिच्यावर सरळ पाय ठेवला.

कर्रर्र... कुंईऽ!

वर सहावीच्या वर्गात बाजार भरला होता, तो एका क्षणात चिडीचूप झाला.

"वा!" बाई म्हणाल्या. "शिस्त आहे हो तुमच्या शाळेत."

"आहे खरी," काका म्हणाले आणि रुमाल काढून मानेवरचा घाम पुसू लागले.

घाम यायला कारण होतं. इमारत एकशेदहा वर्षांची. तिला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तर कुणाची तिला हात लावायची टाप नव्हती. नाही मिळाला, तर परीक्षा आटोपल्या की ती पाडायची आणि मुलांची रवानगी दूरच्या नव्या इमारतीत, हे ठरलेलं. आणि सगळं घोडं अडलं होतं जिन्यापाशी. छपराचे पत्रे नंतरचे, फरशी नंतरची, खिडक्यांच्या काचा तर चेंडूच्या कृपेने दरवर्षी नव्या. मूळचं म्हणून मिरवावं असं आत एकच उरलं होतं, हा सागवानी जिना. शाळेच्या कारकुनाने अर्जात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'जिना संपूर्ण मूळचा. एकही पायरी बदललेली नाही.'

नववी पायरी काकांनी बदलली होती. एकतीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या हातांनी.

हे ठाऊक असलेलं शाळेत आता कुणी उरलं नव्हतं. काकांना निवृत्त होऊनही सात वर्षं झाली होती. अशा घरी बसलेल्या माणसाला मुख्याध्यापिकांनी मुद्दाम निरोप का पाठवावा, की जिना तुम्हीच येऊन दाखवा? त्या तर दोन वर्षांपूर्वी बदलून आलेल्या, ओळख नमस्कारापुरती. काकांना काही उमगेना. निघताना बायकोने दारातच अडवलं होतं.

"हे बघा, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज तेवढं कुलूप लावा."

"आणि त्यांनी विचारलंच तर?"

"तर खोकायचं."

तपासनीस बाई वरून उतरल्या त्या थेट जिन्याखाली शिरल्या. तिथे झाडू, फाटके नकाशे आणि एक पाय मोडलेला बाक होता. जळमटं केसांत अडकली तरी त्यांना पर्वा नव्हती. मुख्याध्यापिका एका बाजूला उभ्या होत्या. टॉर्चचा झोत एकेका पायरीच्या पोटावरून वर सरकत गेला. सात. आठ. नऊ. तिथे थांबला.

"काका, जरा इकडे या. बाकीच्या पायऱ्या हातकरवतीने कापलेल्या आहेत, ओरखडे बघा कसे वेडेवाकडे. आणि ही? सरळसोट. ही यंत्रावर कापलेली दिसते."

काका खोकले.

"म्हणजे ही नंतरची का?"

काका पुन्हा खोकले. या वेळी जरा जास्तच.

"पाणी आणू का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, जे खरं असेल ते सांगून टाका."

काकांनी पायरीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत किती पोरं तिच्यावरून धावली असतील, पण चीर म्हणून नाही. अशा कामाला आपलं म्हणायचं नाही, म्हणजे पोटच्या पोरीला भर रस्त्यात ओळख न दाखवण्यासारखंच. गेलं ते कुलूप उडत!

"मी बदलली," ते म्हणाले. "जुनी मधोमध चिरली होती, एखाद्या पोराचा पाय गेला असता. काय दोष द्यायचा तो मला द्या. शाळेला नको."

तपासनीस बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "दोषाचं राहू द्या. मला वेगळंच कोडं पडलंय. लाकूड तेच, सांधा जुन्यासारखाच, पाचर अगदी जिथल्या तिथे. इतकं चोख काम करणाऱ्या माणसाची पायरी करकरते कशी?"

घाव वर्मी बसला.

"करकरते?" काकांचा आवाज चढला. "अहो, लोण्यासारखी बसवली होती मी! चार दिवस हूं की चूं केलं नाही तिने. तिथेच तर घोटाळा झाला."

"कसला घोटाळा?"

काकांनी मुख्याध्यापिकांकडे चोरून पाहिलं. ही गोष्ट आजवर त्यांनी एकाही शिक्षकाच्या कानावर जाऊ दिली नव्हती. तशी शपथच होती. दोन वेण्यांच्या, शाईने बोटं बरबटलेल्या एका पोरीने काकांचा हात त्यांच्या लाकूड कोरायच्या पटाशीवर ठेवायला लावून ती वदवून घेतली होती, आणि मग आपलाही हात ठेवला होता. शपथेचं काका आताही बोलले नाहीत. पण बाकीचं पोटात ठेवणं आता काही जमेना.

"जुनी पायरी करकरायची. हेडमास्तर वर निघाले की वर्गाला आधी वर्दी मिळायची. माझी निघाली मुकी. चार दिवसांत अख्खी सहावी पकडली गेली. कुणी बाकावर नाचतोय, कुणी खडू फेकतोय. एक पठ्ठ्या तर हेडमास्तरांचीच नक्कल करत होता, आणि हेडमास्तर त्याच्या मागे उभे!"

"अरे देवा!"

"पाचव्या दिवशी शिष्टमंडळ आलं माझ्या खोलीत. म्हणे, काका, आमची पायरी आम्हाला परत द्या."

"आणि तुम्ही दिलीत."

"काय करणार? रडकुंडीला आली होती हो पोरं. कठड्याकडच्या टोकाला खाच केसभर वाढवली, एक खिळा सैल ठेवला. पण करकर जमवणं म्हणजे थट्टा वाटली का? आधी बेडकासारखी वाजली, पोरांनी नापास केली. तीन मधल्या सुट्ट्या गेल्या तेव्हा कुठे जुना सूर लागला. अजूनही भिंतीच्या कडेने चढलात तर आवाज नाही. कठड्याकडूनच वाजते."

तपासनीस बाई आधी नाकातल्या नाकात हसल्या, मग टॉर्चचा झोत भिंतभर नाचायला लागेपर्यंत हसल्या. डोळे पुसून त्यांनी फाईल उघडली आणि कारकुनाच्या त्या ओळीवर आडवी काट मारली. काका एक पाऊल पुढे आले.

"बाई, माझ्यामुळे शाळा जाणार का हो?"

"समिती ठरवेल. मी जे पाहिलं आणि ऐकलं, ते लिहीन."

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "खोकायला सांगितलं होतं ना?"

"खोकलो की! दोनदा."

पुढचे तीन आठवडे काकांना जेवण गोड लागलं नाही. मग एका सकाळी शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिका जिन्याच्या पायथ्याशीच कागद घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावरून काही कळायला मार्ग नव्हता.

"वाचू?"

"वाचा एकदाचं."

"'सदर इमारतीस ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात येत आहे.'"

काकांचा जीव भांड्यात पडला. ते तिथेच पहिल्या पायरीवर मटकन बसले.

"थांबा, पुढे ऐका. काय काय जपायचं त्याची यादी आहे. दगडी जोतं. घंटेची कमान. जिना. आणि मग हे बघा, स्वतंत्र कलम. 'नववी पायरी, आवाजासह. दुरुस्तीच्या निमित्ताने हा आवाज कधीही बंद करू नये.'"

"सरकारी कागदावर?"

"शिक्का आहे खाली."

काकांनी कागद हातात घेतला, चष्मा नसतानाही शिक्का निरखून पाहिला, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. आता ही शाळा कुणाच्या बापाला पाडता येणार नव्हती. आणि ती पायरीसुद्धा.

वर सहावीने पुन्हा धुमाकूळ घातला होता. बाक सरकले, काहीतरी पडलं, कुणीतरी शिट्टी मारली.

"बघून येते जरा," म्हणत मुख्याध्यापिका चढू लागल्या. तिसऱ्या पायरीवर त्या वळल्या. "पण काय हो काका, शपथ मोडलीत तुम्ही. चांगली पटाशीवर हात ठेवून घेतलेली."

"मोडली खरी, पण नाइलाज..." म्हणता म्हणता काका थबकले. शपथेचं तर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा.

"मी पाळली माझी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला बोलवावं लागलं."

आठव्या पायरीपर्यंत त्या भिंतीच्या कडेने गेल्या. मग कठड्याकडे सरकल्या, नववीवर अंगाचा सगळा भार देऊन पाय ठेवला, आणि वर सगळे आपापल्या जागेवर बसेपर्यंत तिथेच थांबल्या.